स्वमग्न मुलाचा आत्मसन्मान : पालक व हितचिंतकांसाठी एक अभ्यासपाठ

प्रास्ताविक

बालविकास तपासणीसाठी आलेल्या आई-वडिलांचे प्रश्न बहुधा ठरलेले असतात. मूल बोलू लागेल ना? शाळेत बसेल ना? आमच्या पश्चात त्याचे कसे होईल? हे प्रश्न स्वाभाविक आहेत आणि वैद्यकीय पथकाने त्यांची उत्तरे शोधलीच पाहिजेत. परंतु एक प्रश्न क्वचितच विचारला जातो : या मुलाला स्वतःविषयी काय वाटत असेल?

हा प्रश्न चैनीचा नाही. आपण कोणाला तरी हवे आहोत, आपल्याला काहीतरी जमते, आपल्या 'हो'ला आणि 'नाही'ला किंमत आहे, ही भावना म्हणजे आत्मसन्मान. ती ज्या मुलाच्या मनात रुजते ते मूल नवीन गोष्ट करून पाहते, चुकले तरी पुन्हा हात घालते. ज्याच्या मनात ती रुजत नाही ते मूल उपचारालाही पाठ फिरवते. म्हणजे वाचोपचार असो, व्यवसायोपचार असो की शाळेतील शिक्षण असो, या सर्वांची जमीन आत्मसन्मान हीच होय. जमीन खचलेली असेल तर वर कितीही खर्च केला तरी पीक येत नाही.

प्रस्तुत लेखात आत्मसन्मान कसा खचतो, तो कसा बांधला जातो आणि त्यात घर, शाळा व समाज यांचा वाटा कोणता, याचा विचार केला आहे. त्यासाठी दोन उदाहरणे घेतली आहेत. एक आपल्याच जिल्ह्यातील कोसबाडच्या टेकडीवरचे आहे, तर दुसरे सातासमुद्रापलीकडचे.

स्वमग्नता म्हणजे काय?

इंग्रजीतील 'ऑटिझम' या संज्ञेसाठी मराठीत 'स्वमग्नता' हा शब्द रूढ झाला आहे. शब्द सोयीचा असला तरी थोडा फसवा आहे. मूल स्वतःतच मग्न आहे, त्याला इतरांची गरज नाही, असा अर्थ त्यातून निघतो. वस्तुस्थिती तशी नसते. अनेक स्वमग्न मुलांना माणसे हवी असतात. मात्र माणसांपर्यंत पोहोचण्याची त्यांची रीत वेगळी असते आणि ती आपल्या लक्षात येत नाही.

बाल्टिमोर येथील बालमानसोपचारतज्ज्ञ डॉ. लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये अकरा मुलांचे वर्णन करून या अवस्थेकडे वैद्यकशास्त्राचे लक्ष वेधले. पुढच्याच वर्षी व्हिएन्नात डॉ. हान्स आस्पर्गर यांनी तशाच काही मुलांविषयी लिहिले. मेंदूच्या जडणघडणीतील जन्मजात वेगळेपणामुळे ही अवस्था येते, असे आज आपण जाणतो. सामाजिक देवाणघेवाण व संवाद यांतील अडचण हे तिचे एक अंग. ठरावीक क्रमाचा आग्रह, काही विषयांची तीव्र ओढ, तसेच आवाज, स्पर्श, उजेड किंवा वास यांची कमी-अधिक संवेदना हे तिचे दुसरे अंग. एक स्वमग्न मूल मुळीच बोलत नाही, तर दुसरे अखंड बोलते. एकाला बौद्धिक अक्षमताही असते, दुसऱ्याची आकलनशक्ती वयाच्या पुढे असते. म्हणूनच तज्ज्ञ तिला एकच ठसा नसलेला, अनेक छटांचा वर्णपट मानतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगात दर १२७ व्यक्तींमागे सुमारे एक व्यक्ती स्वमग्न होती. तेव्हा ही अवस्था दुर्मीळ म्हणता येणार नाही. ओळखली न जाण्याचे प्रमाण मात्र मोठे आहे.

सरावली, बोईसर आणि तारापूरच्या औद्योगिक पट्ट्यात ओळख पटण्यास उशीर होण्याची काही खास कारणे संभवतात. येथे अनेक राज्यांतून आलेली कुटुंबे राहतात. घरात एक भाषा, शेजारी दुसरी आणि शाळेत तिसरी असते. मूल बोलत नाही म्हटले की 'तीन भाषांनी गोंधळले आहे' असे सांगून दोन वर्षे सहज निघून जातात. वास्तविक एकाहून अधिक भाषा कानावर पडल्याने स्वमग्नता येत नाही आणि ती वाढतही नाही. त्यामुळे घरची भाषा सोडण्याची मुळीच गरज नाही. आजी ज्या भाषेत जोजवते ती भाषा मुलाकडून काढून घेणे म्हणजे त्याला घरातच परके करणे होय.

आत्मसन्मान कसा खचतो?

सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत एखाद्या स्वमग्न मुलाला काय काय ऐकावे लागते, याची पालकांनी एक दिवस शांतपणे नोंद करून पाहावी. 'हात हलवू नकोस.' 'माझ्याकडे बघून बोल.' 'पुन्हा तेच विचारलेस?' 'शेजारचा मुलगा बघ, तुझ्याहून लहान आहे.' यातले एकेक वाक्य किरकोळ वाटते आणि ते बोलणाऱ्याच्या मनात मायाच असते. परंतु दिवसाला अशी वाक्ये मोजली आणि त्यांना वर्षांनी गुणले, म्हणजे दहा वर्षांच्या मुलाच्या मनात स्वतःचे कोणते चित्र तयार होत असेल याची कल्पना येते.

दुसरे कारण अधिक सूक्ष्म आहे. मूल समोर बसलेले असताना त्याच्याविषयी, जणू ते तेथे नाहीच, असे आपण बोलतो. दवाखान्यात, नातेवाइकांत, बसथांब्यावर 'याला काही कळत नाही हो' हे वाक्य सहज उच्चारले जाते. न बोलणाऱ्या मुलाला ऐकू येत असते आणि पुष्कळदा कळतही असते. बोलता न येणे म्हणजे सांगण्यासारखे काही नसणे नव्हे.

तिसरे कारण संवेदनांशी निगडित आहे. कुकरची शिट्टी, कारखान्याचा भोंगा, लग्नाच्या वरातीतला डीजे किंवा दिवाळीतले फटाके आपल्याला त्रासदायक वाटतात. काही स्वमग्न मुलांना मात्र ते सहन न होणारी वेदना देतात. मूल कान दाबून ओरडते, जमिनीवर लोळते आणि भोवतालचे लोक त्याला हट्ट म्हणतात. ज्या क्षणी आधाराची सर्वाधिक गरज असते, त्याच क्षणी मुलाच्या वाट्याला चारचौघांत अपमान येतो.

शेवटचे कारण बोलक्या व हुशार मुलांना विशेष लागू पडते. ती आपले वेगळेपण लपवायला शिकतात. इतर मुले हसली की हसतात, अंगातली अस्वस्थता शाळा सुटेपर्यंत दाबून ठेवतात आणि घरी येताच कोसळतात. शाळा सांगते 'इथे तर अगदी शहाणा असतो' आणि दोष घरावर जातो. सतत दुसऱ्यासारखे दिसण्याचा हा खटाटोप फार थकवणारा असतो. स्वमग्न किशोरांत व प्रौढांत चिंता आणि नैराश्य यांचे प्रमाण इतरांपेक्षा अधिक आढळते, हे अनेक अभ्यासांतून दिसून आले आहे. 'मी जसा आहे तसा चालणार नाही' ही लहानपणी मनात बसलेली खूणगाठ त्यामागील कारणांपैकी एक आहे. आत्मसन्मानाचा विषय म्हणूनच उद्यावर टाकण्यासारखा नाही.

कोसबाडचा धडा

आता आपल्याच जिल्ह्यातील एका प्रयोगाकडे वळू. पद्मभूषण ताराबाई मोडक आणि पद्मश्री अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि १९५७ मध्ये ते डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर नेले. त्यांचे काम स्वमग्न मुलांसाठी नव्हते. ते आदिवासी व गरीब घरांतील मुलांसाठी होते, आणि त्या काळी या भागात 'स्वमग्नता' हा शब्दही कोणी ऐकलेला नसणार. तरीही आजच्या पालकाला त्यातून मोठा धडा मिळतो.

बालवाडी उघडली, पण मुले येईनात. मुले आळशी आहेत, आई-बापांना शिक्षणाची किंमत नाही, असा निष्कर्ष काढणे सोपे होते. या दोघींनी तो काढला नाही. मुले कोठे आहेत याचा त्यांनी शोध घेतला. लहानगी पाड्यावरच्या अंगणात होती, म्हणून बालवाडी अंगणात गेली आणि तिची 'अंगणवाडी' झाली. मोठी मुले गुरे चारायला कुरणात जात होती, म्हणून शाळा कुरणात गेली आणि तिला 'कुरणशाळा' हे नाव पडले. महागडी शैक्षणिक साधने परवडणारी नव्हती, तेव्हा बिया, शिंपले, पाने, खडे यांची साधने झाली.

या प्रयोगात आत्मसन्मानाचे सारे मर्म आहे. गुरे राखणारे मूल शाळेच्या दृष्टीने 'गैरहजर' होते, पण कुरणात ते जाणकार होते. त्याला वाटा, झाडे आणि जनावरांच्या सवयी ठाऊक होत्या. शाळा त्याच्याकडे गेली तेव्हा ते अडाणी राहिले नाही. ज्या जागी त्याला काही येत होते त्याच जागेवरून पुढचा धडा सुरू झाला. मुलात दोष शोधण्याऐवजी व्यवस्थेची जागा बदलली गेली.

स्वमग्न मुलाचेही एक कुरण असते. कोणाचे रेल्वेचे वेळापत्रक, कोणाचे फिरणारे पंखे, कोणाचे नकाशे, तर कोणाचे रंग आणि आकृत्या. त्याला तेथून हाकलून आपल्या शाळेत आणायचे, की आपण आधी त्याच्या कुरणात जायचे, हा निर्णय पालकांनी व शिक्षकांनी करावयाचा आहे.

विहीर खणणारा मुलगा

दुसरे उदाहरण डॉ. कॅनर यांच्या अकरा मुलांपैकी पहिल्या मुलाचे आहे. त्याचे नाव डोनाल्ड ट्रिप्लेट. जन्म १९३३ चा, गाव अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यातील फॉरेस्ट. त्याला माणसांपेक्षा फिरणाऱ्या वस्तूंची व आकड्यांची ओढ होती. वयाच्या चौथ्या वर्षाच्या सुमारास डॉक्टरांच्या सल्ल्याने त्याला घरापासून दूर एका संस्थेत ठेवण्यात आले. तेथे तो अधिकच मिटून गेला. सुमारे वर्षभराने आई-वडिलांनी त्याला परत आणले आणि १९३८ मध्ये ते त्याला डॉ. कॅनर यांच्याकडे घेऊन गेले.

पुढे काही वर्षे डोनाल्ड गावापासून थोड्या अंतरावरील एका शेतकरी दांपत्याकडे राहिला. १९४५ मध्ये डॉ. कॅनर त्याला तेथे भेटले आणि त्या साध्या माणसांचे शहाणपण पाहून थक्क झाले. डोनाल्डला मोजमापाचा ध्यास होता. त्यांनी त्याला विहीर खणायच्या कामाला लावले आणि खोली किती झाली ते मोजून सांगायला सांगितले. तो मक्याच्या ओळी पुन्हा पुन्हा मोजत असे. त्यांनी त्याच्या हाती नांगर दिला आणि नांगरता नांगरता ओळी मोजू दिल्या. मेलेली पाखरे व किडे गोळा करण्याची सवय होती, तर त्यासाठी एक जागा नेमून दिली आणि प्रत्येकासाठी खुणेची पाटी लावू दिली.

येथे घडले काय, ते नीट पाहिले पाहिजे. मोजणे थांबवले गेले नाही. त्याची टिंगल झाली नाही, तसे उगाच कौतुकही झाले नाही. त्या मोजण्याला घरात काम मिळाले. विहिरीची खोली किती, हे त्या घरात खरोखर हवे असलेले उत्तर होते आणि ते देणारा डोनाल्ड होता.

तो पुढे महाविद्यालयातून पदवीधर झाला, गावच्या बँकेत नोकरी करू लागला, मोटार चालवायला शिकला, गोल्फ खेळला आणि एकट्याने देशोदेशी फिरला. २०२३ मध्ये, वयाच्या ८९ व्या वर्षी त्याचे निधन झाले. त्याची स्वमग्नता अखेरपर्यंत गेली नव्हती. अमेरिकेतील पत्रकार जॉन डॉनव्हन व कॅरेन झकर यांनी त्याच्या गावाला भेट देऊन जे लिहिले त्यावरून दिसते की, गावाने त्याला आहे तसा आपला मानला होता आणि त्याला कोणी त्रास देऊ नये याची काळजी गावकरी घेत होते.

एक गोष्ट प्रामाणिकपणे नमूद केली पाहिजे. डोनाल्डचे घर सधन होते आणि ज्या बँकेत तो नोकरीला लागला तिच्याशी त्याच्या कुटुंबाचा संबंध होता. कारखान्यात पाळीवर जाणाऱ्या कामगाराच्या किंवा भातखाचरावर राबणाऱ्या शेतकऱ्याच्या मुलाला तसे पाठबळ जन्मतः मिळत नाही. ते समाजाने उभे करावे लागते. देणगीदारांच्या वाट्याचे काम येथूनच सुरू होते. त्याविषयी पुढे पाहू.

घरात करावयाच्या गोष्टी

वरील दोन्ही उदाहरणांतून निघणारे सूत्र एकच आहे : आत्मसन्मान स्तुतीने येत नाही, तो जमण्यातून आणि उपयोगी पडण्यातून येतो. हे सूत्र रोजच्या जीवनात कसे उतरवावे, याच्या काही रीती अनुभवी उपचारतज्ज्ञ सांगतात.

१. घरातले एक खरे काम मुलाच्या नावावर करावे. काम लुटुपुटूचे नसावे, ते झाले नाही तर घराचे अडले पाहिजे. ताटे मांडणे, कपड्यांच्या जोड्या लावणे, वालाच्या शेंगा सोलणे, भातलावणीच्या दिवसांत रोपांच्या मुठी मोजणे, किनाऱ्यावरच्या घरात सुकवलेले बोंबील लहान-मोठे निवडणे, असे काहीही चालेल. ज्याला क्रम व वर्गवारी आवडते त्याला ही कामे मनापासून रुचतात. काम संपल्यावर 'आज जेवणाची ताटे याने मांडली' हे जेवताना सर्वांसमोर सांगावे.

२. मोठे काम लहान पायऱ्यांत फोडावे आणि शेवटची पायरी प्रथम शिकवावी. शर्टाची सगळी बटणे आईने लावावीत, शेवटचे बटण मुलाला लावू द्यावे. ते जमले की शेवटची दोन. अशाने प्रत्येक वेळी काम पुरे केल्याचे समाधान मुलाच्या हातून घडते. सुरुवातीपासून शिकवले तर बहुतेक वेळा काम अर्धवट राहते आणि मनात अपयशच साठते.

३. दिवसाचा क्रम डोळ्यांना दिसेल असा ठेवावा. दात घासणे, आंघोळ, न्याहारी, शाळा अशी साधी चित्रे किंवा छायाचित्रे भिंतीवर ओळीने लावावीत. पुढे काय येणार हे कळले की मुलाची भीती कमी होते आणि 'चल, आटप' असे वारंवार सांगण्याची गरज उरत नाही. वडिलांची पाळी बदलणार असेल, पाहुणे येणार असतील, गावी जायचे असेल तर ते चित्र आदल्या दिवशी दाखवावे.

४. निवड करू द्यावी आणि नकार ऐकावा. निळा शर्ट की पिवळा? भाकरी की पोळी? न बोलणारे मूल बोटाने, चित्रपट्टीने किंवा नजरेने उत्तर देऊ शकते. 'नको' सांगण्याची रीतही त्याला शिकवावी व शक्य तेथे मानावी. आपला नकार कोणी ऐकतच नाही असे अनुभवलेले मूल एकतर मारहाणीवर येते, नाहीतर कोणाच्याही म्हणण्याला मान तुकवते. दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा अधिक धोक्याची आहे, कारण अशा मुलाचा गैरफायदा सहज घेतला जातो.

५. कौतुक नेमके करावे. 'शाब्बास, हुशार' यापेक्षा 'कुकरची शिट्टी झाली तेव्हा तू कान झाकून स्वतःच बाहेर गेलास, चांगले केलेस' हे वाक्य मुलाला अधिक देऊन जाते. काय जमले हे त्याला कळते आणि पुढच्या वेळी ते पुन्हा करता येते.

६. उद्रेकाच्या वेळी प्रतिष्ठा सांभाळावी. तेव्हा समजावणे, प्रश्न विचारणे, धमकावणे यांचा उपयोग नसतो. आवाज व गर्दी कमी करावी, शांत कोपऱ्यात न्यावे, जवळ थांबावे. बघ्यांना एका वाक्यात 'आवाजाचा त्रास होतो त्याला' एवढेच सांगावे. ओसरल्यावर त्या प्रसंगावरून चारचौघांत टोचून बोलू नये. हात फडफडवणे किंवा डोलणे यांनी कोणाला इजा होत नसेल तर ते थांबवण्याच्या मागे लागू नये. मनाला सावरण्याची ती मुलाची स्वतःची रीत असते. मात्र मूल स्वतःला इजा करत असेल तर तज्ज्ञांचा सल्ला अवश्य घ्यावा.

७. योग्य वेळी मुलाला त्याच्या वेगळेपणाचे नाव सांगावे. आपण इतरांसारखे नाही, हे मुलाला आपल्या आधी कळलेले असते. कारण ठाऊक नसेल तर ते स्वतःच एक कारण शोधते आणि ते बहुधा 'मी वाईट आहे' असे असते. 'तुझा मेंदू काही गोष्टी वेगळ्या रीतीने करतो. त्यामुळे आवाजाचा त्रास होतो आणि त्यामुळेच तुला गाड्यांचे क्रमांक इतके लक्षात राहतात' अशा सोप्या शब्दांत, बळ व अडचण दोन्ही सांगून हे करता येते.

आई-वडिलांचा आत्मसन्मान

खचलेल्या आईकडून मुलाला धीर मिळणे कठीण असते. विसाव्या शतकाच्या मध्यास, आईच्या कोरडेपणामुळे मूल स्वमग्न होते, असा एक समज वैद्यकीय वर्तुळातही पसरला होता. बर्नार्ड रिमलँड या मानसशास्त्रज्ञाने, जो स्वतः एका स्वमग्न मुलाचा पिता होता, १९६४ मध्ये ग्रंथ लिहून या समजाला हादरा दिला. १९७७ मध्ये सूझन फोल्स्टीन व मायकेल रटर यांनी केलेल्या जुळ्या भावंडांच्या अभ्यासाने आनुवंशिक कारणांकडे बोट दाखवले. शास्त्राने तो समज केव्हाच टाकून दिला असला तरी आपल्याकडे तो वेष पालटून वावरतो : 'तू नोकरी केलीस म्हणून', 'गरोदरपणी ग्रहण पाळले नाहीस म्हणून', 'लाडाने बिघडवलेस म्हणून'. यातले काहीही खरे नाही. मुलाची अवस्था आईच्या चुकीमुळे आलेली नाही, हे सासू-सासऱ्यांनी व वडिलांनी मोठ्याने म्हणावे. त्याचा परिणाम औषधापेक्षा कमी नसतो.

गाव सोडून कामासाठी येथे आलेल्या कुटुंबांत आजी-आजोबा, मावशी, काकू यांचा आधार सहसा जवळ नसतो. वडील पाळीवर असतात आणि आई चार भिंतींत मुलासोबत एकटी पडते. अशा मातांना आठवड्यातून एकदा एकत्र बसता येईल अशी जागा मिळाली तरी त्यांचे ओझे हलके होते. भावंडांनाही विसरू नये. त्यांच्यासाठी रोज पंधरा मिनिटे तरी पूर्णपणे राखून ठेवावीत.

'पूर्ण बरे करून देतो' असे सांगणाऱ्यांपासून पालकांनी सावध राहावे. मूळपेशींच्या उपचारांची स्वमग्नतेसाठी शिफारस करता येत नाही, असे राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या मंडळाने २०२२ मध्ये स्पष्ट केले. अशा उपचारांत पैसा जातो हे खरेच. त्याखेरीज मुलाच्या मनावर 'मी दुरुस्त करण्याची वस्तू आहे' असा ठसा उमटतो, तो वेगळाच.

शाळा आणि कायदा

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ यात स्वमग्नतेचा स्पष्ट समावेश आहे. या कायद्यानुसार शासनमान्य किंवा अनुदानित शाळांनी दिव्यांग मुलांना भेदभाव न करता प्रवेश द्यावयाचा असतो. चाळीस टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व प्रमाणित झालेल्या मुलाला वयाच्या ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ खाली चालणाऱ्या 'निरामय' योजनेत स्वमग्न व्यक्तीला एक लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य विमाकवच मिळू शकते. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी व शाळेतील मुलांच्या विकासातील विलंबाची तपासणी होते. प्रमाणपत्र काढल्याने मुलावर शिक्का बसेल, अशी भीती अनेकांना वाटते. कागद मुलाचे वर्णन करत नाही, त्याचा हक्क सांगतो, असे समजावे.

शाळेत प्रवेश मिळाला म्हणजे समावेश झाला असे नाही. शेवटच्या बाकावर दिवसभर एकटे बसणारे मूल पटावर हजर आणि वर्गात गैरहजर असते. शिक्षकांनी सूचना एका वेळी एक व थोडक्या शब्दांत द्यावी, उत्तरासाठी थोडा वेळ थांबावे, गोंगाट असह्य झाल्यास बाहेर जाण्याची खूण ठरवून द्यावी. वर्गात त्याच्या नावावर एक काम असावे. तारीख लिहिणे, वह्या क्रमाने लावणे, नकाशा टांगणे यांपैकी काहीही. त्याला कोणी चिडवत असेल तर 'तू लक्ष देऊ नकोस' असे पीडित मुलाला सांगण्याऐवजी चिडवणाऱ्यांशी बोलावे.

देणगीदार व विश्वस्त यांच्याशी दोन शब्द

वार्षिक अहवालात किती रुग्ण तपासले, किती शस्त्रक्रिया झाल्या, किती यंत्रे आली, हे आकडे छापता येतात. बालविकासाच्या कामात तसा आकडा देणे अवघड असते. येथे मोठा खर्च यंत्रांवर होत नाही, तो माणसांच्या वेळेवर होतो. वाचोपचारतज्ज्ञ, व्यवसायोपचारतज्ज्ञ किंवा विशेष शिक्षक एका मुलासोबत पाऊण तास जमिनीवर बसतो, तेव्हा त्याचे छायाचित्र फारसे प्रेक्षणीय दिसत नाही. फलकावर नाव कोरण्याजोगी इमारतही उभी राहत नाही. पण डोनाल्डला जे त्याच्या घराच्या सुबत्तेने मिळाले ते कामगाराच्या मुलाला मिळवून देण्याचा मार्ग हाच आहे.

म्हणून धर्मादाय संस्थांनी यशाची मोजपट्टी थोडी बदलावी, अशी नम्र सूचना आहे. 'किती मुले बरी झाली?' हा प्रश्न येथे लागू पडत नाही. त्याऐवजी विचारावे : किती मुले आपली गरज कोणत्या तरी रीतीने सांगू लागली? किती मुलांच्या नावावर घरात एक काम आहे? किती मातांना आपण दोषी नाही हे पटले? किती शाळांनी एखाद्या मुलासाठी आपली रीत बदलली? ज्यांचा छोटा कारखाना वा दुकान आहे त्यांनी आणखी एक पाऊल टाकता येईल. मोजणी, वर्गवारी, वेष्टन, नोंदी अशी क्रमबद्ध व शांत जागी होणारी कामे स्वमग्न तरुणांपैकी अनेकांना उत्तम जमतात. सणावाराला दिलेल्या भेटवस्तूपेक्षा स्वतःच्या मेहनतीचा पहिला पगार माणसाला अधिक उंच करतो.

स्वाध्याय

पाठ वाचून झाल्यावर पालकांनी पुढील प्रश्नांची उत्तरे एका वहीत लिहावीत आणि तीन महिन्यांनी पुन्हा पाहावीत.

१. माझ्या मुलाचे 'कुरण' कोणते? मी तेथे दिवसातून किती वेळ जातो?
२. काल मी त्याला किती वेळा थांबवले? किती वेळा नेमके कौतुक केले?
३. त्याच्यावाचून घरातले कोणते काम अडते?
४. 'नको' हे ते कसे सांगते? मी ते शेवटचे केव्हा मानले?
५. त्याच्या समोर त्याच्याविषयी मी जे बोलतो ते त्याला ऐकवण्यासारखे असते का?

तिसऱ्या प्रश्नासमोरची जागा आज रिकामी राहिली तर निराश होऊ नये. उद्या सकाळी ताटे मांडायच्या वेळी मुलाला हाक मारावी, शेवटचे ताट त्याच्या हाती द्यावे आणि ते नीट मांडून होईपर्यंत घाई न करता थांबावे.